फुफीचं अल्हम्दुलिल्लाह

मुकादमांच्या घराण्याची एक जुनी खोड होती. पाहुण्यासमोर त्यांच्या घरात कधी कोणी आजारी नसे. अंगात ताप असलेलं पोरसुद्धा दारात चप्पल वाजली की उठून बसे आणि केस विंचरून घेई. बाणकोटहून निघताना पाटा-वरवंटा, लोणच्याची बरणी, सगळं नीट बांधून आणलं होतं. ही खोड मात्र कोणी न बांधताच आगबोटीत चढली आणि कुवेतला बनेद अल-गारच्या घरात येऊन राहिली.

म्हणून त्या गुरुवारी सरकारी दवाखान्यातली बाई येणार म्हटल्यावर ताहिरानं भल्या सकाळी नवऱ्याच्या आत्याला, जमिलाफुफीला, न्हाऊ घातलं, ईदचं फिकं जांभळं लुगडं नेसवलं आणि कानात बुगड्या घातल्या. घातल्यावर तिच्याच मनात आलं की आपण हे काय करतोय? बाई येणार होती ती फुफीचं दुखणं बघायला. पण आता बुगड्या काढायच्या तरी कशा? फुफी आरशाकडे तोंड करून बसली होती आणि आरशात तिला काही दिसत नसूनही हसत होती.

फुफीची सत्तरी उलटली होती. रमजानमध्ये मोरीच्या उंबऱ्याला पाय अडखळून ती पडली, तेव्हापासून उजवा गुडघा अंग पेलायचं नाव घेत नव्हता. नजर त्याच्याही आधीपासून अधू झाली होती. तिला उठवणं, बसवणं, मोरीत नेणं सगळं ताहिरा एकटी करी, आणि तेही नवरा ऑफिसातून यायच्या आत उरकून टाकी. आता ताहिराला पाचवा महिना लागला होता. भरलेली बादलीसुद्धा उचलायची नाही, असं डॉक्टरीणबाईनं बजावलं होतं. फुफी काही बादलीपेक्षा हलकी नव्हती.

घरात मूल येणार म्हणून धाकट्या दिरानं, अहमदनं, सरळ उपाय काढला होता. बाणकोटचाच कासम आपल्या बायकोला घेऊन पुढच्या आगबोटीनं मुलखात चालला होता. त्याच्यासोबत फुफीला बाणकोटला धाडायचं. तिथं शेजारची आमिना बघेल. आमिना बघेल म्हणजे सकाळी एकदा कुंपणावरून हाक मारील, हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण बोलत कोणी नव्हतं.

दुसरा उपाय ताहिराला दवाखान्यात सापडला. स्वतःच्या तपासणीला गेली असताना तिथल्या मल्याळी आयेनं तिला सांगितलं, की घराबाहेर पडू न शकणाऱ्या म्हाताऱ्यांकडे इथं सरकारची नर्स घरी येते, न्हाऊ घालते, मलमपट्टी करते, फुकट. फक्त आधी त्यांची बाई येऊन बघून जाते. बाईला पटलं तर नर्स येणार आणि फुफी राहणार. नाही पटलं तर कासम होताच.

"बाई येईल तवा बोलायचा कोनी?" ताहिरानं नवऱ्याला विचारलं. तिला अरबी येत नव्हतं.

"मीच बोलेन." अब्बास कुवेत सिटीतल्या एका कंपनीत हिशेबनीस होता आणि त्याचं अरबी ऑफिसात वाखाणलं जाई. तो शर्टाच्या बाह्यांची बटणं लावत होता, घरात असूनही. "पन ताहिरा, मना ही गोष्ट पसंत नाय. लोक बोलतील, दोन-दोन भाचे असून एक फुफी सांभाळता येईना, सरकारच्या दारात गेले."

"लोक येतील काय तिचा करायला?"

अब्बास खुर्च्या सरळ करायला लागला.

*

फिंतासहून अहमद आणि त्याची बायको बिल्कीस आले ते सांदणाचा डबा घेऊन. नारळाच्या रसातली सांदणं बिल्कीसच्या हातची होती आणि तिला त्यांचा अभिमान होता. दारातून आत येताच तिनं मांडलेल्या खुर्च्या पाहिल्या, भरतकाम केलेलं टेबलाचं कापड पाहिलं, बाहेरच्या खोलीतली उदबत्ती पाहिली.

"भाबी, दवाखान्याची बाई येतेय की फुफीला स्थळ सांगून आलाय?" ती म्हणाली.

सगळे हसले, ताहिराही हसली. पण बिल्कीसच्या हसण्यात थोडी खोच होती. तिच्या मते हा सगळा घाट ताहिरानं अंग काढून घेण्यासाठी घातला होता. माणूस घरातलं आणि करणार सरकार! पाचवा महिना काय, आपल्या आयांनी नवव्या महिन्यात भात लावला होता. तसं ती फिंतासहून येताना गाडीत अहमदला म्हणालीही होती. अहमद त्यावर "हूं" एवढंच म्हणाला होता, कारण फुफीला घरी न्यायचा विषय निघाला की बिल्कीसला आपल्या क्वार्टरचे जिने आठवत, हे तो विसरला नव्हता.

"बिल्कीस, फुफीला भायर आनतेस?" ताहिरा स्वयंपाकघरातून म्हणाली. "मी चहाचा बघते."

बिल्कीस आतल्या खोलीत गेली. फुफी खाटेच्या कडेला बसली होती. बांगड्यांच्या आवाजाकडे तिनं मान वळवली. "बिल्कीस काय गो? जाड झालीस. पावलं जड पडतात."

"फुफी, तुमची नजर बाकी अजून शाबूत हाय."

"अल्हम्दुलिल्लाह," फुफी म्हणाली. "हात नको देऊ. नुसती जवल उभी रहा."

बिल्कीस उभी राहिली. फुफीनं दोन्ही तळहात खाटेवर टेकले, ओठ मिटले आणि जोर लावला. ती वीतभर उठली आणि परत बसली. पुन्हा उठली. तिसऱ्यांदा गुडघा दुमडला आणि ती आडवी होऊन खाली यायला लागली. बिल्कीसनं कव घालून तिला धरलं, पण ते वजन पेलेना; तिच्या स्वतःच्याच पाठीत कळ आली. "भाबी!" ती दबक्या आवाजात ओरडली.

ताहिरा धावत आली. खाटेच्या दांडीवरून तिनं जुनी सुती लुंगी ओढली, फुफीच्या काखांखालून घातली, दोन्ही टोकं मुठीत धरली, आपला गुडघा फुफीच्या गुडघ्याला लावला आणि "या अल्लाह" म्हणून एका झटक्यात तिला उभी केली. रोजचा हात होता तो. मग फुफीला बिल्कीसच्या खांद्यावर सोपवून ती भिंतीला टेकली, डोळे मिटले आणि पोटाखाली हात धरून तशीच उभी राहिली.

बिल्कीस बघत राहिली. "भाबी, असा दिवसातून कितीदा?"

"शू," ताहिरा डोळे न उघडता म्हणाली. "यांना म्हाईत नाय. तू पन बोलू नको."

"भाय तुमचा नवरा ना? त्यांना म्हाईत नाय?"

"ते घरी येतात तवा फुफी जेवून-धुवून बसलेली असते. त्यांना वाटतं, बसायचा शोकच हाय तिला."

बिल्कीसला स्वतःची लाज वाटली. गाडीत आपण काय काय बोललो ते आठवलं. तिनं फुफीच्या कमरेभोवतीचा हात घट्ट केला आणि तिला पावलापावलानं बाहेर नेलं. बाहेरच्या खोलीचा पडदा ओलांडताच फुफीनं मान ताठ केली. दोन्ही भाच्यांना वाटलं, फुफी आज बरी चाललीय.

*

दवाखान्याच्या बाईचं नाव लैला होतं. पॅलेस्टाईनची, पन्नाशीकडे झुकलेली, पांढऱ्या कोटावर धूळ बसलेली. बाहेर वारा सुटला होता. तिनं दारात पाय झाडले, सलाम केला आणि फुफीसमोरच्या खुर्चीवर बसली. बॅगेतून कागद काढून गुडघ्यावर ठेवला.

"कशा आहात, खाला?" तिनं अरबीत विचारलं.

"अल्हम्दुलिल्लाह," फुफी म्हणाली. अल्लाहची कृपा, एवढाच अर्थ; याला भाषांतराची गरज पडली नाही.

"चालता येतं?"

अब्बासनं मराठीत विचारलं. "अल्हम्दुलिल्लाह," फुफी म्हणाली. आताच तर ती आतून बाहेर चालत आली होती. अब्बासनं ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यानं तसं सांगितलं.

"दिसतं?"

"सुई ओवते अजून," अहमद मध्येच बोलला. अब्बासनं ते अरबीत सांगितलं आणि भावाकडे कौतुकानं पाहिलं. फुफीला मुलखात धाडायला निघालेला अहमद, पण परक्या बाईसमोर फुफीला कमी लेखणं त्याच्याच्यानं झालं नाही. मागच्या वर्षी फुफी सुई ओवत असे, हे काही खोटं नव्हतं.

पडद्याआड बिल्कीस चुळबुळली. "अवो," तिनं हलकेच हाक मारली. अहमदनं डोळ्यांनी तिला गप्प केलं.

लैलानं मान हलवत कागदावर काहीतरी लिहिलं. "आंघोळ स्वतः करतात? आणि... मोरीत स्वतः जातात?"

अब्बास अडखळला. हा प्रश्न विचारायचा कोणाला? ही तीच बाई, जिनं त्याला खाडीच्या पाण्यात धरून पोहायला शिकवलं, आई गेल्यावर अहमदला मांडीवर आणि त्याला पाठीशी घेऊन निजली. बाप, बदरुद्दीन मुकादम, वर्षाचे दहा महिने बोटीवर. तिला भरल्या खोलीत विचारायचं, फुफी तू मोरीत एकटी जातेस काय? त्याच्या कानशिलांना घाम आला.

"करतात," तो अरबीत म्हणाला. "सगळं स्वतः करतात." आणि फुफीला सांगितलं, "बाई विचारते, तब्येत चांगली ना?"

"अल्हम्दुलिल्लाह," फुफी म्हणाली.

लैलानं खोलीभर नजर फिरवली. जांभळं लुगडं, बुगड्या, उदबत्ती, दोन धडधाकट भाचे. तिच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. "माशा अल्लाह. नशीबवान आहात. काही घरांत फार हाल असतात हो, विचारायला माणूस नसतं. आमच्याकडे नर्सा थोड्या आहेत, त्यांना तिकडे जाऊ दे." तिनं कागद घडी करून बॅगेत ठेवला. "मोठ्या हौसेनं ठेवलंय तुम्ही यांना."

अब्बासची छाती फुगली. मग ती बाई काय म्हणाली ते त्याच्या डोक्यात शिरलं आणि त्यानं स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. ताहिरा ट्रे घेऊन उभी होती. तिला अरबी कळत नसलं तरी घडी करून बॅगेत गेलेला कागद कळला होता.

"काय बोलली?" अहमदनं विचारलं.

"बोलली, फुफी बरी हाय. नर्सची गरज नाय."

"मग झाला तर," अहमद म्हणाला. पण म्हणताना त्यानं फुफीकडे पाहिलं नाही. "कासमला तसा सांगतो."

*

जमिलाफुफीला समोरची बाई दिसत नव्हती. एक पांढरा डाग होता, आणि साबणाचा वास. पण कान शाबूत होते. तिनं ट्रेवरचे पेले ऐकले.

ताहिराचे पेले कधी वाजत नसत. या घरात आल्यापासून फुफीला सून ओळखू यायची ती यामुळेच, की ती आवाज न करता यायची. आज पेले बशांवर थडथडत होते. कासमचं नाव फुफीनं ऐकलं होतं. कासम म्हणजे आगबोट, आगबोट म्हणजे बाणकोट, आणि बाणकोट म्हणजे बंद घराचं कुलूप. त्याचं तिला एवढं भय नव्हतं. जिथं जन्म काढला तिथं मरण आलं तर काय बिघडलं? पण हे पेले तिला ऐकवेनात.

बावीस वर्षांची असताना तिचा नवरा समुद्रात गेला. खबर सांगायला आलेल्या माणसांना तिनं पाणी दिलं आणि म्हणाली, अल्हम्दुलिल्लाह, त्याची चीज होती, त्यानं नेली. गाव म्हणालं, काय सबूर आहे पोरीला! मग भावजय गेली. गाव म्हणालं, जमिला आहे ना. दोन पोरं तिच्या पदरात पडली आणि ती म्हणाली, अल्हम्दुलिल्लाह. कोणी कधी दुसऱ्यांदा विचारलं नाही, आणि तिनंही सांगितलं नाही. अल्लाहच्या दारी तक्रार नको आणि माणसांच्या दारी रडगाणं नको, असं तिच्या बापानं शिकवलं होतं. ते तिनं पाळलं आणि त्यात तिचं बरंच निभावलं. पण आजवर त्या शब्दाखाली ती एकटी वाकत आली होती. आता तिच्याबरोबर ताहिरा वाकत होती, आणि ताहिराच्या पोटात मूल होतं.

"अब्बास," फुफी म्हणाली. "बाईला बसव."

"फुफी, ती चाललीय. अजून घरं हायत तिला."

"बसव बोलतेय ना."

अब्बासनं सांगितलं. लैला उठता उठता परत बसली.

"तिला सांग, मना उठता येत नाय."

ताहिराच्या हातातला ट्रे बिल्कीसनं पडद्यातून येऊन काढून घेतला. परक्या बाईसमोर, थोरल्या दिरासमोर, डोक्यावरचा पदर घसरला तरी तिला त्याचं भान नव्हतं.

"सांगा," बिल्कीस म्हणाली. "भाय, सांगा तुमी तिला."

अब्बासनं तोंड उघडलं. ऑफिसात तो शेखांची पत्रं वाचून दाखवी, समोरचा जसं बोलेल तसं बोलायची त्याला सवय होती. "मला," तो अरबीत म्हणाला, "मला उठता येत नाही."

"डोल्यांनी दिसत नाय. तुजा तोंड मना मागच्या बकरी ईदपासून दिसलेला नाय, अब्बास. आवाजावरून बोलते."

"मला दिसत नाही," अब्बास म्हणाला, आणि त्याचा आवाज फुटला. तो फुफीच्या पायाशी खाली बसला. लैला वाट बघत राहिली. तिनं घाई केली नाही.

"मोरीत मना ही पोरगी नेते," फुफी म्हणाली. तिची मान अजून ताठ होती, पण बुगड्या हलत होत्या. "लुंगी घालून उचलते, गोनी उचलतात तशी. ती गाभन हाय... पोटुशी हाय. मना लाज वाटते म्हनून मी बोलत नाय, तिला लाज वाटते म्हनून ती बोलत नाय. तिला काय झाला तर मी अल्लाहला काय तोंड दाखवू? आनी बाईला हा पन सांग..." ती थांबली. हे तर तिनं आयुष्यात कोणाजवळ मागितलं नव्हतं. "मना हितं र्‍हायचाय. मना बानकोटला नाय जायचा. हितं माजी मानसं हायत."

अब्बासनं सगळं सांगितलं. मोरीचंही सांगितलं. सांगताना आपण मघाशी खोटं बोललो हेही सांगून टाकलं. अहमद उठून खिडकीपाशी गेला होता आणि पाठ करून उभा होता. त्याचे खांदे हलत होते. फुफीनं त्याला मांडीवर घेऊन वाढवलं होतं, तरी हे सगळं आता परक्या बाईच्या निमित्तानं त्याच्या कानावर पडत होतं.

लैलानं कागद परत काढला. खुर्ची पुढे ओढली, फुफीच्या डोळ्यांसमोर बोट धरलं, इकडून तिकडे नेलं. लुगडं गुडघ्यापर्यंत सारून सूज दाबून पाहिली. फुफी "अगो बाय!" म्हणून ओरडली. इतक्या महिन्यांत ती पहिल्यांदा ओरडली होती.

"मोतीबिंदू आहे," लैला अब्बासला म्हणाली. "एका डोळ्याचं तरी ऑपरेशन होईल असं वाटतं, मोठे डॉक्टर बघतील. हॉस्पिटलची गाडी न्यायला येईल. नर्स आठवड्यातून दोनदा आंघोळीला येईल आणि उचलायची रीत सगळ्यांना शिकवील. सगळ्यांना. पुरुषांनासुद्धा." मग तिनं विचारलं, "पहिल्यांदाच का नाही बोललात?"

अब्बासनं ते मराठीत सांगितलं. ताहिरा म्हणाली, "आमच्यात असा सांगत नायत."

लैला हसली. "आमच्यात तरी कुठं सांगतात? माझी आई नाब्लुसला आहे. मी विचारलं की म्हणते, अल्हम्दुलिल्लाह. तिला दोनदा विचारावं लागतं." एवढं बोलून ती कागदावर वाकली आणि बराच वेळ लिहीत राहिली.

निघताना ताहिरानं तिच्या तळहातावर अत्तर लावलं. सांदणांचा अर्धा डबाही तिच्यासोबत गेला.

*

दुपारी जेवणं झाल्यावर अहमदनं फुफीच्या काखांखालून लुंगी घातली. ताहिरा सांगत होती, "गुडघ्याला गुडघा लावा. झटका नको, हात घट." त्यानं तिला उठवलं आणि आतल्या खाटेवर नेऊन बसवलं. धाप लागली त्याला. तो तिच्याजवळ खाली बसून राहिला.

"कासमला सांगतो मी," तो म्हणाला. "दोघंच जा बोलतो."

"सांग."

"फुफी, राग हाय काय माजा?"

फुफीनं हात पुढे करून त्याचं डोकं शोधलं. केस विरळ झाले होते. "मांडीवर होतास तवा जास्त रडवायचास," ती म्हणाली.

पलीकडे बिल्कीस ताहिराला दटावत होती. "बसा म्हनते ना भाबी. भांडी मी घासते. दर गुरुवारी येनार मी, आनी शनवारी तुमी फुफीला आमच्याकडं धाडायचा. जिने हायत तर हायत. यांना कशाला एवढा गोश्त चारते मी? उचलतील." ताहिरा बसली. पाय लांब केले. तिला खूप दिवसांनी झोप आली.

उन्हं कलल्यावर फिंतासला निघायची वेळ झाली. अहमद दारापर्यंत जाऊन मागे फिरला. नेहमीच्या सवयीनं त्यानं आतल्या खोलीत डोकावून हाक मारली, "फुफी, बरी हायस ना?"

"अल्हम्दुलिल्लाह," फुफी म्हणाली.

अहमद वळला. दोन पावलं गेला, थांबला आणि परत आला. खाटेपाशी येऊन त्यानं विचारलं, "फुफी, बरी हायस ना?"

फुफीनं त्याच्या आवाजाकडे तोंड केलं.

"गुडघा ठनकतोय," ती म्हणाली. "बाईनं दाबला तवापासून. उशी दे खाली. आनी तुज्या बायकोनं सांदनात गूल कमी घातला."

स्वयंपाकघरात भांडं पडलं. "कमी?" बिल्कीस ओरडली, आणि ताहिरा एवढी हसली की तिला पोट धरून बसावं लागलं. अहमदनं उशी आणली.